केरबाचा खांदा

आमच्या उंब्रजकडं बैल घ्यायला गेलेला माणूस आधी खांदा बघतो, मग दात. अन् खांदा दिला म्हणजे काय, हेही लहान पोराला कळतं. मयताला दिलेला खांदा घाटापर्यंत पुरतो. वारंगुळ्यातला मात्र जन्मभर पुरावा लागतो.

वारंगुळा म्हणजे दोघांचा एकेक बैल, मिळून एक जोडी. केरबाचा हौशा डाव्या खांद्याचा, जोतीरामचा राजा उजव्या. सात वर्षं दोघांची रानं याच जोडीनं केली. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा, त्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. या दोघांची रीत वेगळी होती. केरबा राजाचा खांदा मळायचा अन् जोतीराम हौशाचा.

चौऱ्याहत्तर साली बेंदराच्या आदल्या दिवशी केरबा हळद-तुपाची वाटी घेऊन जोतीरामच्या गोठ्यात गेला, तर दावं मोकळं.

"आवं भावजी, तुमास्नी ठावं न्हाई?" जोतीरामची बायको भामाबाई चाचरत म्हणाली. "राजाला काल कराडच्या बाजारात इकला."

जोतीराम आतून आला. म्हणाला, "आता ट्रॅक्टरचं दिस आल्यात, गड्या. मेव्हणा ट्रॅक्टर घेतोय, तोच माजं रान करनार."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं, तर तू इकू दिला असतास व्हय?"

म्हणजे गड्यानं ठरवून केसानं गळा कापला होता. माझं रान केरबाच्या बांधाला लागून. मला ऐकूनच संताप आला. केरबा वाटी तशीच घेऊन घरी परतला. त्याचा भुईमूग कोळपणीला आलेला, आठ दिवसांत कोळपं फिरलं नाही तर तण सगळं पीक खाणार. गावात ज्याचा त्याचा बैल ज्याच्या त्याच्या कामात. शेवटी डावीकडं हौशा अन् जूच्या उजव्या बाजूला केरबा स्वतः उभा राहिला. मागं कोळप्यावर बायको, मनुबाई. मी बांधावरून हाक मारली, "केरबा, सोड रं!" त्यानं वर बघितलं नाही. चार दिवसांत रान झालं. खांदा सोलून टरारून सुजला. त्या वाटीतली उरलेली हळद मनुबाईनं त्यालाच लावली.

पुढच्या आठवड्यात जोतीराम बांधावर हजर. उभ्या पिकात ट्रॅक्टर चालत नाही, अन् हातानं तण भांगलायला बायका मिळेनात.

"चार दिस हौशा दे की रं. दुसरा बैल कुटनं तरी बघतो."

केरबानं सदरा खांद्यावरून खाली ओढला. जखम अजून ओली होती.

"हौशा ने. पन दुसरा बैल कशाला? उजवीकडं तू लाग."

जोतीराम आल्या वाटेनं गेला. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वळून बघितलं, तर केरबा हौशाच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता.