मंगळवारी दुपारी मी कुठे होते?

भूत-प्रेत, भास, चकवा यातलं काहीही मी कधी मानलं नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव वाचते, पण मनात म्हणते, झोप नीट झाली नसेल बिचाऱ्यांची. त्यामुळे हे लिहायला मला तीन महिने लागले. आज सासूबाईंचा डोळा लागलाय, तेवढ्या वेळात लिहून टाकते.

मी तळेगावला राहते. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, पण वाचा आणि डोकं शाबूत आहे. त्यांचं सगळं करायला मी नोकरी सोडली. नवरा कंपनीत शिफ्टला असतो. त्या काळात मला एक ऑनलाइन ग्रुप सापडला – घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचा. डायपर कुठले घ्यायचे, बेडसोअरला काय लावायचं, असली बोलणी. दोन वर्षं रोज बोलत होतो, पण कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं. शेवटी ठरलं, एक दिवस भेटायचं. पुणे-मुंबई दोन्हीकडच्यांना लोणावळा-मावळ बरं पडतं, म्हणून जागा शोधायचं काम माझ्यावर आणि सुदुंबऱ्याच्या रमेशभाऊंवर आलं. रमेशभाऊ एका कारखान्यात कामाला आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं करतात.

अटी साध्या होत्या. खोल्या तळमजल्यावर हव्यात (आजाऱ्याला उचलून-उचलून आमच्या बहुतेकांच्या कमरा गेल्यात), शांतता हवी आणि मोबाइलला रेंज हवी. आमच्यातला प्रत्येक जण घरी कुणाला तरी बदली बसवून येणार होता. घरून फोन आला आणि लागलाच नाही, तर...?

एका शुक्रवारी नवऱ्याने सुट्टी घेतली आणि मी रमेशभाऊंच्या गाडीतून निघाले. आधी कुसगावला तीन बंगले पाहिले. तिन्हीकडे स्विमिंग पूल, तिन्हीकडे भलेमोठे स्पीकर. तिसऱ्या ठिकाणचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, रेन डान्स फ्री आहे ग्रुपला."

"आमच्या मान्सांना झोप पायजे ओ साहेब," रमेशभाऊ म्हणाले. "डान्स रोज घरीच चाललाय."

मला हसायचीही ताकद नव्हती.

मग रमेशभाऊंना कुणीतरी सांगितलेली आंदर मावळातली एक जागा आठवली. रस्ता लांबचा, वळणावळणाचा. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. भाताची कापणी नुकतीच उरकली होती. शेताच्या कडेला कौलारू, बैठं घर, चार खोल्या, पुढे लांब ओटी. मालक पुण्याला असतात, जागा एक मावशी सांभाळतात. साठीच्या असतील. अंगणात भात वाळत घालत होत्या. मला पाहिलं आणि पदराला हात पुसत हसत पुढे आल्या.

"आलात व्हय ताई? म्हनलं आता काय येत न्हाईत तुमी."

मला वाटलं, मालकांनी फोन केला असेल. मी म्हटलं, "खोल्या बघायच्या होत्या मावशी."

"परत? मंगळवारी सगळ्या बघून गेलात की!"

मी रमेशभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मावशी, ताई पयल्यांदाच येतायत हितं. दुसरं कुनी आलं आसंल."

"आवो, दुसरं कुनी कसं? सकाळच्या यष्टीनं आलत्या. एकल्याच." मावशींचा आवाज अगदी सहज होता. "रेंजसाठी हातात फोन घेऊन सगळं आवार हिंडल्या. त्या जांभळाखाली घावली. मला तरी कुटं ठावं व्हतं तितं रेंज येती ते!"

मी जांभळाखाली गेले. फोनला तोवर एकही दांडी नव्हती. झाडाखाली तीन आल्या आणि ग्रुपचे अडकलेले मेसेज धडाधड पडायला लागले.

परत आले तेव्हा रमेशभाऊ ओटीवर बसून पाणी पीत होते. मावशींनी कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं. एक खाट, खिडकी, बाहेर शेत. "हितंच झोपला व्हता तुमी. म्हनलात, मावशी, जरा पडू का? मी म्हनलं पडा की. तर चार तास उठला न्हाईत. मी दोनदा डोकावले, म्हनलं बाईला काय झालं का काय. मंग चादर घातली अंगावर."

"मी काही बोलले का?" हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला, मला माहीत नाही.

"जागेपनी लय न्हाई. झोपंत मातर एकसारकं चाललं व्हतं. आई, वळा बरं या कुशीवर. जरा वळा. मला वाटलं, घरी कुनीतरी निजून हाय."

मी खाटेवर बसले. घाबरले होते असं नाही... खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटला. चार तास! मला चार वर्षांत सलग चार तास झोप मिळाली नव्हती.

परतताना गाडीत रमेशभाऊ म्हणाले, "ताई, ही जागा ऱ्हाऊ द्या. दुसरी बगू."

मी म्हटलं, "दुसऱ्या जागेत काय आहे? रेन डान्स?"

घरी येऊन वही काढली. सासूबाईंचं बीपी, औषधं, कूस बदलल्याच्या वेळा मी रोज लिहिते. मंगळवारी बारा, दोन, चार – सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात. म्हणजे मी घरीच होते. पण ती दुपार आठवायला गेले, तर काहीच आठवेना. अर्थात, आमच्याकडे सगळ्या दुपारी सारख्याच. कुठलीही विचारली असती तरी आठवली नसती.

माझ्यासारखी दिसणारी कुणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि तीच जागा ठरवली.

एका रविवारी अकरा जण जमलो. खेळ, गप्पा, अनुभव सांगणं असा मोठा कार्यक्रम मी आखला होता. मावशींनी पिठलं-भाकरी केली. जेवण झालं आणि बोलता बोलता एकेक जण आडवा झाला. कुणी खोलीत, कुणी ओटीवर चटईवर. रमेशभाऊ तर भिंतीला टेकून बसल्या बसल्याच घोरायला लागले. सगळ्यांचे फोन आम्ही जांभळाखाली एका स्टुलावर ठेवले होते. मी तिथे राखणीला बसले. एकही फोन वाजला नाही.

मधे उठून मी त्या कोपऱ्यातल्या खाटेवरही पडून पाहिलं. डोळे टक्क उघडे. मावशींनी दारातून पाहिलं आणि चहा आणून दिला.

संध्याकाळी सगळे ताजे होऊन गेले. निघताना दोघी-तिघी माझ्या गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचे केस विंचरताना मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. पण त्या म्हणाल्या, "कुठला मंगळवार? तू जागा बघायला गेलीस, त्याच्या आधीचा?"

"हो. मी घरीच होते ना आई?"

"होतीस. औषध दिलंस, कूस बदललीस, सगळं केलंस." त्या खिडकीकडे बघत होत्या. "पण एक शब्द बोलली नाहीस. मी चार हाका मारल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, आता हिला माझा कंटाळा आला."

इतके दिवस त्यांनी हे मनात ठेवलं होतं.

आंदर मावळात कोण झोपलं होतं आणि तळेगावात आईंना औषध कोण देत होतं, हे मला आजही कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, विश्रांती घ्या. रमेशभाऊ हा विषयच काढू देत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, पण मला फारशी आशा नाही.

आईंना मी तेव्हा एवढंच म्हटलं, "कंटाळा नाही हो आई, त्या दिवशी मी फार दमले होते."

ते तरी खोटं नव्हतं.