चपलेचा पट्टा

औशाच्या बसस्टँडवर लातूरची बस सुटायला आली होती. मी दाराजवळच्या सीटवर होतो. खाली चारेक वर्षांची एक मुलगी चपलेचा पट्टा लावत बसली होती. तिचे वडील हात पाठीमागं घट्ट बांधून उभे होते. पट्टा निसटला की त्यांची बोटं वळवळत, पण हात काही पुढं येत नव्हते.

“उचला की तिला!” कंडक्टर ओरडला.

“थांबा सायेब, ती लावायली. बालवाडीच्या बाईंनी सांगितलंय, तिनं मागितल्याबिगर हात द्यायचा न्हाई.”

अखेर पट्टा लागला. मग दांडी धरून, गुडघा टेकवत ती एकेक उंच पायरी चढली. वडिलांचा चेहरा फुलून आला आणि ते तिच्या मागोमाग चढले.

मला राहवलं नाही, मी शेजारच्या प्रवाशाला म्हणालो, “बघितलं का? एकटी चढली आपली पोरगी!”