हिल्लानं आणलेलं बदक

सिर्का दुधाचा टँकर चालवायची. आमच्या तळ्याकाठच्या सगळ्या गोठ्यांतून दूध गोळा करणारी दणकट बाई. रस्त्यात कुणी आडवी गाडी लावली तर खाली उतरून त्याची अशी हजेरी घ्यायची, की पुन्हा तो तिथं गाडी लावायचा नाही. तिचा नवरा वेइक्को आमच्या शिकारमंडळाचा जुना सभासद होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि मागे उरली हिल्ला, त्याची काळी कुत्री. पाण्यात पडलेलं बदक आणायला त्यानं तिला शिकवलं होतं आणि ती नुकती कुठे कामाला लागली होती.

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच वीस ऑगस्टला हिल्लानं घर डोक्यावर घेतलं. दरवर्षी त्या दिवशी दुपारी बाराला बदकांची शिकार सुरू होते. रेडिओवर बाराच्या घंटा लागतात, त्या संपल्या की पहिला बार. वेइक्को घरात असतानाही त्या घंटा लागल्या की ती ताठ उभी राहून त्याच्याकडे बघायची. आता बघायला तो नव्हता. ती दिवसभर दाराशी रडत बसली.

दुसऱ्या दिवशी सिर्का माझ्या अंगणात आली. म्हणाली, "ओइवा, मला शिकव."

"काय शिकवू?"

"बंदूक. हिल्लाला तिचं काम पाहिजे, आणि मला वेइक्कोची काठावरची जागा पाहिजे. तिथं दुसरा कुणी उभा राहिलेला मला बघवणार नाही."

"या वयात?"

"तुझ्या वयात लोक देवाघरी जातात. तू गेलास का?"

मग काय बोलणार! शिकवली. आधी ती शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाली, मग उडत्या मातीच्या थाळ्यांवर सराव. खांदा निळा पडला तरी हूं की चूं नाही. सुरुवातीला ती थेट थाळीवरच नेम धरायची. मी ओरडायचो, "बाई, बदक तुझ्यासाठी थांबणार आहे का? त्याच्या पुढे मार." संध्याकाळी मोज्यात चिंध्या भरून, वर बदकाचा पंख बांधून ती ते बोचकं पाण्यात फेकायची. पडलेलं आणायचं आणि आणलं की सिर्काच्याच हातात द्यायचं, हे हिल्लाच्या अंगात भिनलं. दुसऱ्या कुणाला ती ते देईना.

पण मंडळाचं सभासदत्व मिळाल्याशिवाय काठावर जागा मिळत नाही. नवीन माणसाला आधी उमेदवार म्हणून घेतात आणि पहिल्या दिवसाच्या शिकारीनंतर, मंडळाच्या झोपडीत सूप पिताना, हात वर करून ठरवतात. ते वाटाण्याचं सूप गेली कित्येक वर्षं सिर्काच करत होती. पुढच्या वीस ऑगस्टलाही पहाटे उठून तिनंच केलं, आणि मग बंदूक घेऊन वेइक्कोच्या जागी, लव्हाळ्यांत जाऊन उभी राहिली.

मी तिच्या शेजारच्या जागेवर होतो. तिची दुनळी बंदूक मधे उघडून हातावर टाकलेली, नळ्या रिकाम्या, काडतुसं खिशात. मीच बजावलं होतं, घंटा संपल्याशिवाय काडतुसाला हात लावायचा नाही. धक्क्यावर रेडिओ लावलेला होता आणि त्यावर अजून हवामान चाललं होतं.

तेवढ्यात बार झाला.

डावीकडून, आमच्या मंडळातला कालेवी उभा होता त्या टोकावरून. माझ्या डोळ्यांनी धूर पाहिला. एक बदक लव्हाळ्यांत पडलं, आणि आमच्या तळ्यातली बाकी सगळी बदकं उठली ती थेट पलीकडच्या तळ्यावर गेली. वर्षभर वाट पाहिलेला दिवस घंटा लागायच्या आतच संपला.

हिल्लाला काय कळतंय कुणी मारलं ते! तिनं पाण्यात उडी घेतली, बदक आणलं आणि सिर्काच्या हातात दिलं. सगळे बघायला धावले तेव्हा बदक हातात धरून सिर्का उभी.

झोपडीत कालेवीनं विषय काढला. तो मंडळाचा अध्यक्ष. आवाज अगदी मऊ. "होतं असं. नव्या माणसाचा हात शिवशिवतो. पण वेळेआधी बार काढला तर मंडळात घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

सिर्कानं बंदूक उघडून टेबलावर ठेवली. "नळी हुंगा. कुणीही हुंगा."

मी हुंगली. तेलाचा वास, जळल्या दारूचा अजिबात नाही. मी तसं सांगितलं, आणि धूर कुठून आला तेही सांगितलं.

"ओइवा," कालेवी हसला, "चाळीस वर्षं तपकीर ओढलेलं तुझं नाक! आणि डोळ्यांचं काय सांगतोस, परवा तुला स्वतःची होडी सापडत नव्हती."

सगळे हसले. मी म्हटलं, "मग तुझी बंदूक आण, तीही हुंगू." आता कुणी हसलं नाही. सगळे वाडग्यात बघायला लागले. कारण काय तर हिवाळ्यात सगळ्यांच्या वाटेवरचा बर्फ कालेवीचा ट्रॅक्टर काढतो. तिचंच सूप ओरपत त्या नेभळटांनी तिच्याविरुद्ध हात वर केले. मला अजून ते हात आठवले की संताप येतो.

सिर्का रडली नाही. बंदूक उचलून निघाली, तर कालेवी मागून म्हणाला, "सुपाला मात्र येत जा हं. आणि कुत्रीला घेऊन ये, कामाची आहे."

तिनं बदक त्याच्या वाडग्याशेजारी ठेवलं. "हे तुझं राहिलं," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात तिनं बंदूक विकली. मीही मंडळ सोडलं. माझ्या दारातला बर्फ आता मी फावड्यानं काढतो, कंबर मोडते, पण काढतो.

पुढच्या ऑगस्टात, त्याच दिवशी, मी दाताच्या डॉक्टरकडे शहरात गेलो होतो. मोठ्या दुकानामागे, गाड्या लावतात तिथं, सिर्काची गाडी दिसली. काचा वर, सिर्का आत बसलेली, मागच्या सीटवर हिल्ला झोपलेली. मी शेजारी जाऊन बसलो.

"खरेदीला आलीस?"

"नाही. घरी बार ऐकू येतात. मग ही दाराशी बसते आणि माझ्याकडे बघते. मीच तिला अडवलंय असं वाटतं तिला."

उकडत होतं. मी माझ्या बाजूची काच खाली केली. शेजारच्या गाडीत कुणी माणूस रेडिओ लावून आइस्क्रीम खात होता. हवामान संपलं आणि बाराच्या घंटा सुरू झाल्या.

हिल्ला ताडकन उठली. ताठ उभी राहून सिर्काकडे बघायला लागली.

सिर्का समोरच्या भिंतीकडे बघत बसली. "काच लाव, ओइवा," म्हणाली.