दाखला म्हणजे रेशनकार्ड नव्हे

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर, चौथीपर्यंतच्या शाळेत मी बाई होते. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक यायचा आणि आईबापांबरोबर माझा अर्धा वर्ग त्यात बसून भिवंडीकडे जायचा. दर वर्षी मी चिडायचे. माझ्या चिडण्याने ट्रक थोडाच थांबणार होता.

एका वर्षी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी चौथी पास झाली. भट्टीवरून परतल्यावर निकाल घेताना तिची आई म्हणाली, "झाली शाळा. आता ही पन भट्टीवर कामाला." मी तडकलेच. पाचवीला का नाही घालत, विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "नाव तं तुमच्या शाळंत हाय. कार्ड एका दुकानाचं असलं, तं दुसरा दुकानदार देतो काय तांदूळ?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. चार वर्षं मी पाढे घोकून घेतले, पण शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाता येतं, हे एकाही आईबापाला सांगितलं नव्हतं. माहीत असेलच, असं धरून चालले होते. कप्पाळ माझं.

जूनमध्ये दाखला लिहिला आणि मायलेकींना घेऊन एसटीने निघाले. आधी जव्हारचं मुलींचं वसतिगृह पाहिलं, तिथे राहून गावातल्या शाळेत जायचं. मग जव्हारच्या अलीकडची आश्रमशाळा, राहणं-शिकणं एकाच आवारात. माझं मन जव्हारवर. पण आईने दोन्हीकडे स्वयंपाकघरात डोकावलं, पाणी कुठून येतं ते विचारलं आणि आश्रमशाळा निवडली. तिथे भात रांधणारी तिच्या माहेरची निघाली. "हिला ताप आला तं ती मला सांगावा धाडील," आई म्हणाली. मी तिथलाच अर्ज भरला. पोर तिची.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली आणि मला घोर लागला. आता परत जाते, की ट्रकात बसते?

ट्रक आला तेव्हा मी मुद्दाम गेले. आईने भांडी चढवली, कोंबड्या चढवल्या, धाकट्याला चढवलं, स्वतः चढली आणि सवयीने खाली बघून लेकीला हाक मारली. दोनदा. मग थबकली. "तिला तं काल मीच एसटीत बसवली," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले. माझा जीव भांड्यात पडला.