डेसर माशाशी बोलायचा

डेसर माणसांशी बोलत नसे. मुका नव्हता. पण जनावर घेऊन आलेल्या माणसाला जे सुनवायचं, ते तो जनावराला सुनवायचा. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचा, "तुया मालक लय इद्वान हाय बावा. आठ दिवस खांदा सडू देला, आन आज तुले फिराले घेऊन आला." मालक तिथंच कासरा धरून उभा. बैल कान हलवायचा आणि मालक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहायचा.

कामरगावात जनावरांच्या दवाखान्यात त्याची सगळी नोकरी गेली, जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात. सरकारी कागदावर त्याच्या हुद्द्याचं नाव 'व्रणोपचारक'. हे नाव ज्यानं शोधलं त्यानं जन्मात बैलाचं शेपूट धरलं नसावं. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मला तो शब्द आजही एका दमात म्हणता येत नाही आणि माझं काही अडलंही नाही. इंग्रजीत ड्रेसर, पण त्यातला पहिला 'र' आमच्याकडे वाया जातो. गावासाठी तो डेसर.

माझाही पाणउतारा त्यानं असाच केला होता. माझ्या बैलाचा खांदा सोलला, तर मी गाडीचं वंगण चोपडलं. माझा बाप तेच चोपडायचा. डेसरनं बोटानं ते काळं चिकट पुसून पाहिलं आणि बैलाला विचारलं, "तू बैल हायस का टॅक्टर?" चार माणसं हसली. मी दोन महिने दवाखान्याची पायरी चढलो नाही. बैल त्याच्या औषधानं बरा झाला हे खरं. वंगणावर माशी बसत नाही हेही खरंच आहे, आणि ते मी सोडणार नाही. पण त्यानंतर आमची जी बैठक जमली ती त्याच्या मरणापर्यंत.

डेसर रिटायर झाला. त्यानंतरची ही गोष्ट. स्टँडजवळ खता-बियाण्याचं एक दुकान आहे. त्या दुकानदाराला कोणीतरी सांगितलं की गल्ल्याजवळ मासे ठेवले की बरकत येते. यानं काचेची पेटी आणली. आठ मासे सोनेरी आणि एक काळा. आम्ही उन्हात खताच्या थैलीसाठी रांगेत, आणि माशांना मशीननं हवा. शिवाय आत शोभेला प्लास्टिकचा किल्ला. त्या किल्ल्याच्या खिडकीत एक सोनेरी मासा अडकला आणि सुटताना सोलून निघाला. एका बाजूचे खवले गेले, पंखाच्या चिंध्या झाल्या, आणि बाकीचे मासे त्याच जखमेला टोचे मारू लागले. किल्ल्यात दुसरं काय होणार.

आम्ही दोघं तुरीचं बियाणं घ्यायला गेलो होतो. डेसर काचेपाशी वाकला. "कवापासून असा हायस बावा?"

उत्तर दुकानदारानं दिलं. "तीन दिस झाले. मरीन आज-उद्या. मरू द्या डेसरभाऊ, चांगलं असते ते. पाळलेला मासा मेला का आपल्यावरचं संकट घेऊन जाते. माया गुडघा दोन मह्यन्यापासून लय दुखून राह्यला."

चेहरा असा खुलला होता, जसं पार्सल निघालंय आणि पोचायचंच बाकी आहे.

डेसर माशाला म्हणाला, "आयकलं का? याच्या गुडघ्यापायी तुले मराचं हाय."

मग त्यानं मासा मागितला. दुकानदारानं फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन पुढं केली, धुतलेली आहे म्हणाला. "त्यात काल काय होतं ते इचार त्याले," डेसर माशाला म्हणाला, आणि बाजूच्या चहावाल्याची स्टीलची बादली आणली. पेटीतलंच पाणी घेतलं, हात कोपरापर्यंत ओले केले आणि मगच माशाला धरलं. माझ्याकडं न पाहता माशालाच म्हणाला, "कोरडा हात लावला का तुया अंगावरचं बुळबुळीत निघून येते. तेच तुयं कातडं." आम्ही पायरी उतरलो तर मागून दुकानदार ओरडला, "मेला का सांगसान बरं. म्हंजे मले समजीन."

घरी त्यानं माशाला टपात ठेवलं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत पावडर टाकते. ते पिऊन माणसं जगतात, मासा जगत नाही. दुसऱ्या दिवशी डेसर माझ्या अंगणात येऊन माझ्या कुत्र्याला म्हणाला, "तुया मालकाच्या विहिरीचं पाणी गोड हाय म्हन्ते." मी समजलो. सत्तरी ओलांडलेला मी, रोज सकाळी सायकलला पाण्याची कॅन बांधून माझ्या धनजच्या रस्त्यावरच्या वावरातून त्याच्या घरी जाऊ लागलो. कोणासाठी, तर वांग्याएवढ्या माशासाठी. एवढ्या पाण्यात माझा कोथिंबिरीचा वाफा निघाला असता. हे मी त्याला रोज सांगायचो.

उपचार म्हणाल तर काहीच नाही. पाव टप पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, त्यात खड्याचं मीठ थोडंसं विरघळवायचं आणि वरून जुनं धोतर झाकायचं. खायला जवळजवळ नाहीच. मी हळद नेली, तर धोतर उचलून माशाला म्हणाला, "याले सांग, अठी भाजी नाई शिजून राह्यली." मी पुडी परत आणली. चांगली हळद होती.

लोक पाहायला यायचे. ज्यांच्या म्हशी यानं मरता मरता उभ्या केल्या, तेच दात काढत विचारायचे, "डेसरभाऊ, टाके मारले का? पलस्तर कवा काढता?" मी तरी तोंडावर शिव्या देतो. हे येऊन चहा पिऊन जात आणि बाहेर जाऊन हसत.

पाचव्या दिवशी मी कॅन घेऊन गेलो तर मासा आडवा तरंगत होता. कल्ला तेवढा हलत होता. डेसर टपाजवळ उकिडवा बसलेला, चहा बाजूला थंड झालेला. मला वाटलं बैलांचा डेसर, माशापुढं हरला. तो माशाला म्हणाला, "माया हातून लय गेले बावा. तू नोको जाऊ. तू गेला तर त्या दुकानवाल्याले गुडघा दुखाचा थांबल्यासारखा वाटीन. मंग सारं गाव मासे आनीन आन मराची वाट पाहीन."

त्या दिवशी मी पाण्याच्या दोन खेपा केल्या. कोथिंबिरीचं नाव काढलं नाही.

मासा जगला. वीसेक दिवसांत कातडं भरून आलं. पंख फुटला पण वाकडा, त्यामुळं तो डावीकडं कलून पोहू लागला. डेसर त्याला बादलीत घालून दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं आत पाहिलं आणि त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. "जगला?" म्हणाला. घरात कोणी गेल्याचं कळल्यावर माणूस विचारतो त्या आवाजात. मग म्हणाला, "राहू द्या तुमच्यापाशीच. गल्ल्याजवळ खोड असलेलं नाई ठेवत." डेसरनं बादली उचलली. "चाल बावा. याचा गुडघा याच्यापाशीच राहू दे."

गेल्या तुरीच्या सवंगणीत, कापणी चालू असताना, डेसर गेला. सकाळी छाती धरली आणि जीप कारंजाच्या मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं आटोपलं. बायको आधीच गेलेली. मेडशीला दिलेली लेक आली, तिनं टपाकडं पाहून विचारलं, "काका, हा तुमी नेता का?" मी म्हणालो, मले काय कराचा हाय मासा.

तिसऱ्या दिवशी दुकानदार दुखवट्याला बसायला आला. पाय लांब करून भिंतीला टेकला आणि चार माणसांत म्हणाला, "तो मासा तवाच मेला असता तर डेसरभाऊवरचं घेऊन गेला असता. वाचले असते भाऊ." आणि ती चार शहाणी माणसं माना डोलवू लागली.

मी आयुष्यभर तोंडावर बोलणारा माणूस. पण त्या दिवशी उठलो, टपावरचं धोतर बाजूला केलं आणि आत वाकून म्हणालो, "पाह्य बावा. डेसरनं तुले मरू नाई देलं, तरी हा आजून तुया मरनाची वाट पाहून राह्यला. आन गुडघा तर संगंच घेऊन आला." तो पाय आखडून उठला, चहा न घेता गेला. त्याच दिवशी मी टप घरी आणला.

आता तो माझ्या ओसरीत आहे. सकाळी विहिरीचं पाणी, खड्याचं मीठ, हात कोपरापर्यंत ओले. वंगण चांगलंच असतं, पण माशाला लावत नाही. सून आतून विचारते, "बाबा, कोनासंगं बोलून राह्यले?" तिला जे सांगायचं ते मी माशाला सांगतो.