मामेसासऱ्यांची जागतिक बेरीज

पृथ्वीवरच्या यच्चयावत देशांना एका दमात नापास करणारा माणूस सदाशिव पेठेत राहतो आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी कुठेही अभिमानाने सांगतो. लोक क्रिकेटचे सामने बघतात, आमचे मामा हवामान परिषदा बघतात. परिषद सुरू झाली की त्यांची तहानभूक हरपते आणि मामींनी ठेवलेला चहा टीपॉयवर गार होत राहतो. एखाद्या देशाचा प्रतिनिधी "आम्ही अमुक सालापर्यंत कार्बन एवढा कमी करू" म्हणाला की मामा खुर्चीतून अर्धे उठतात. "अहो, सगळ्यांच्या शब्दांची बेरीज केली तरी तापमानवाढीची गाडी दीड अंशाच्या पुढेच जातेय. आणि हे नुसते शब्द. ते पाळणार कोण, आपले आजोबा?" अपमान करतानाही 'आपण' सोडायचं नाही, ही पेठेची रीत.

एवढ्याने भागेना म्हणून गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला सारला आणि प्रत्येक बिऱ्हाडाकडून असाच शब्द मागितला. मी मागच्या खुर्चीवर पाहुणा म्हणून बसलो होतो. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी लिफ्ट सोडली. मुलाकडे कॅनडाला निघालेल्या जोडप्याने सहा महिने पंखा लावणार नाही असं कबूल केलं. ज्यांची स्कूटर कित्येक दिवस बंद पडून आहे, त्या गृहस्थांनी पेट्रोलचा त्याग केला आणि वर टाळ्याही घेतल्या. मामा आनंदाने नुसते थरथरत होते. "बघा जावईबापू, हुबेहूब जागतिक परिषद." मग स्वतः उभे राहून म्हणाले, "आमच्या घरात एसी येणार नाही. कधीच."

मामांचं घर गच्चीच्या थेट खाली, त्यामुळे त्या सभेतला हा एकच शब्द खरा महाग होता. यंदा एप्रिलमध्ये मामी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता खोली गार हवीच. मामांनी दुसऱ्याच दिवशी एसी बसवून घेतला, पण स्वतः बाहेरच्या खोलीत घाम पुसत बसून राहिले. मामींनी थोडे दिवस सोसलं. मग एसी बंद केला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आत येईपर्यंत मी लावणार नाही." मामा उठून आत गेले.

परवा भेटायला गेलो तर मामींना डुलकी लागली होती आणि मामा आवाज बारीक करून बातम्या बघत होते. कुठल्याशा देशाने दिलेला शब्द पाळला नाही, असं निवेदिका सांगत होती. आता तोफ सुटणार म्हणून मी हौसेने सरसावून बसलो. मामांनी मामींचं पांघरूण तेवढं नीट केलं.

"त्यांच्याही घरी असेल कुणीतरी," ते हळूच म्हणाले. "पण बेरीज कमी पडते हो."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि त्यांनी एकदा तरी ओरडावं असंही वाटलं.