न्हाव्याला कुणी बोलावलं

इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. हेडमास्तरांची शिस्त अशी की, दर आठवड्याला एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, त्याचे जितके अर्थ होतील तितकी वाक्यं मास्तरांनी घरून तयार करून आणायची आणि वर्गात मुलांकडून त्यांचं मराठी करून घ्यायचं. शब्दाला शब्द ठेवलेला त्यांना खपत नसे. आपण घरात बोलतो तसं मराठी हवं.

एका आठवड्याला 'ग्रो' आलं. संध्याकाळी वही घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. आत अक्का ज्वारी निवडत होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिचा नवरा गेला. सासरच्यांनी रीतीप्रमाणे न्हाव्याकडून केस उतरवून तिचं डोकं केलं आणि सोलापूरला आमच्याकडे आणून सोडलं. तेव्हापासून घरचा स्वयंपाक तिच्याकडे. तिची शाळा मराठी चौथीपर्यंतच झालेली. पण मॅट्रिकला मी मोठमोठ्यानं पाठ करायचो ते ऐकून तिला इंग्रजी कळू लागलं होतं. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मी इंग्रजी वाक्य म्हणायचं, तिनं मराठी सांगायचं, असा आमचा खेळ होता. शेतकरी ज्वारी ग्रो करतो. "पिकवतो की." रानात ज्वारी ग्रो होते. "येते. यंदा ज्वारी बरी आली, असंच म्हणतो आपण." मूल ग्रो होतं. "मोठं होतं." आकाश काळं ग्रो होतं. "अंधारून येतं." शहर ग्रो होतं. "गिरण्या आल्या आणि सोलापूर वाढलं." पुढे, एखादं माणूस हळूहळू आपल्यावर ग्रो होतं, असा एक प्रकार होता. तो मलाच नीट उमगला नव्हता.

"म्हणजे आधी आवडत नाही, मग सवयीनं आवडायला लागतं," मी म्हणालो.

"हां, म्हणजे तुझं लग्न झालं की तुझ्या बायकोला तू," अक्का म्हणाली. मग सुपात ज्वारी पाखडता पाखडता, "एका बिचाऱ्या शब्दाला किती कामं लावतात रे तुझे साहेब! आपल्या घरात हे क्रियापद मीच."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "केसांचं वाक्य राहिलं की तुझं. मी माझे केस ग्रो करते. चालतं?"

"चालतं."

"मग मी ते करायचं म्हणते."

तिनं सूप खाली ठेवलं आणि बरेच दिवस मनात धरलेलं सांगून टाकलं. पुण्याला विधवांना शिकवून मास्तरीण करणारी एक संस्था होती. आळीतल्या मुलींच्या शाळेतल्या बाईंनी तिला सगळी माहिती दिली होती. जूनमध्ये नवा वर्ग सुरू व्हायचा. "पण जाईन तर केसांनिशी जाईन. पोरींपुढं अशी उभी राहणार नाही. न्हाव्याला नको म्हणायचं ते घरच्या कर्त्यानं. बाबा नाहीत, तूच कर्ता. आई माझं ऐकायची नाही, तुला मोडता घालणार नाही. सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं. पण कसं, तेही लिहितो. न्हावी दर महिन्याला मागच्या दारानं यायचा, आई आणि अक्का दोघींसाठी. त्याला मी म्हणालो, "अक्काला बरं नाही, सध्या आईचंच करा." खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही. आईला सगळं दिसत होतं. तिनं मोडता घातला नाही.

तीन महिने असे गेले. अक्काचे केस बोटाच्या दोन पेरांएवढे झाले. एकदा परसात कुणी नाही असं बघून ती पदर मागे सारून उन्हात बसली होती. हातात आईची फणी, बाबा गेल्यापासून कोनाड्यात पडलेली. फणीत अडकावेत इतके केस नव्हते, तरी ती फिरवत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि बाजूला झालो.

मग मोहोळचं स्थळ आलं. मुलगी मी पाहिली होती, मनात भरली होती. तिचे वडील कडक सोवळ्याचे. लग्न पक्कं करायला ते आमच्याकडे जेवायला येणार होते. तसल्या घरांत डोकं केलेली विधवा सोवळी, तिच्या हातचं देवाच्या नैवेद्यालाही चाले. केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. आईला दम्यामुळे चुलीपुढं बसवत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पाहुणे जेवायला आहेत. स्वयंपाक कुणाचा, ते तू ठरव."

आचारी बोलावता आला असता. मला ते तेव्हाही सुचलं होतं. पण घरात बहीण असताना आचारी का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मी न्हाव्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "मास्तर, अक्कांस्नी बरं वाटतंय व्हय आता?"

"हो. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत बसलो. मागचं दार वाजलं. अक्का माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"न्हावी माझ्यासाठी आलाय. तू बोलावलंस?"

"आईनं," मी म्हणालो.

आई शेजारच्या खोलीत पूजेला बसली होती. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिला ऐकू गेलं. घंटा वाजत होती ती थांबली, मग पुन्हा वाजू लागली. अक्का वळून मागे गेली.

पाहुण्यांनी कटाच्या आमटीची तारीफ केली. लग्न ठरलं. जूनमध्ये मी पुण्याचं नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही. वर्गात 'ग्रो' शिकवतो, दर वर्षी शिकवतो, पण केसांचं वाक्य घेत नाही.

अक्कानं आईशी बोलणं सोडलं. काही विचारायचं तर माझ्या बायकोला मध्ये घालून: "त्यांना विचार, भात घालू का अजून." असं बारा वर्षं. मी रोज त्या दोघींच्या मध्ये जेवायला बसत होतो. आईनं एकदाही म्हटलं नाही की, मी नाही बोलावलं. शेवटच्या दुखण्यात अक्कानं तिचं हगणंमुतणंसुद्धा काढलं, पण बोलली नाही. गेल्या वर्षी आई गेली.

मागच्या महिन्यात मी अक्काला सांगितलं. ती चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी न्हाव्याला आईनं नाही, मी बोलावलं होतं."

तिनं उलथनं थांबवलं नाही. "माहीत आहे. त्यानं तेव्हाच सांगितलं. मास्तर सोता आलते, म्हणाला."

"मग आईशी का अबोला धरलास?"

"कुणाशी तरी धरायलाच हवा होता. तुझ्याशी धरून मी जाणार कुठं होते?" तिनं कढई उतरवली. "तिलाही ते कळत होतं."

मी म्हणालो, "न्हाव्याला मी आजच सांगतो. यापुढं येऊ नको म्हणून."

"त्याला मी सांगितलंय. आईचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "वर्ष झालं. बायकोला विचार तुझ्या. तेल तीच लावते."